कणसं मोजली, पण जोंधळा मापला का? – गेऑर्ग राश यांच्या कामाबद्दल

कृष्णाकाठ

कराडच्या बाजूला मी फिजिओथेरपी करते, ११ वर्षं झाली. पॅरालिसिसचे पेशंट जास्त. प्रत्येकाचा एक तक्ता भरावा लागतो, त्याला आम्ही फिम म्हणतो. त्यात १८ कामं असतात: जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, जिना चढणं, दुसऱ्याचं बोलणं समजणं, लक्षात ठेवणं अशी. प्रत्येक कामाला १ ते ७ गुण. सगळं दुसऱ्याने करावं लागलं तर १, कुणाच्याही मदतीशिवाय नीट जमलं तर ७. यातली १३ कामं हालचालीची, म्हणजे हालचालीचे गुण १३ ते ९१.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच महिन्यात दोन पेशंट होते. काकू ३४ वरून ४६ वर आल्या. हाताने घास घ्यायला लागल्या, धरून बसवलं की बसायला लागल्या. दुसरे एक आजोबा ८० वरून ८६ वर गेले. हे आजोबा माडीवर राहायचे. आजारपणानंतर खालच्या सोप्यात खाट टाकली होती, तिथेच सगळं. तीन आठवड्यांनी ते कठडा धरून १४ पायऱ्या स्वतः चढले आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. घरातली माणसं खाली उभी राहून रडत होती.

ज्यांच्याकडून उपचारांचा खर्च मंजूर होत होता त्यांनी कागदावर काय लिहिलं? काकूंची १२ गुणांची प्रगती, उपचार चालू ठेवा. आजोबांची फक्त ६ गुणांची, आता सुधारणा थांबत आली आहे, बंद करा. मी भांडले. पण "सहा म्हणजे बारापेक्षा कमीच ना मॅडम?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते कमी नाही हे आतून कळत होतं, सांगता येत नव्हतं.

ते उत्तर शोधताना मला गेऑर्ग राश सापडले. मराठीत त्यांच्याबद्दल वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा.

राश डेन्मार्कचे. जन्म १९०१ चा, ओडेन्स गावचा. गणितात १९३० साली कोपनहेगन विद्यापीठाची डॉक्टरेट. पण गणिताची जागा मिळाली नाही, म्हणून डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञांच्या आकडेवारीची कामं घ्यायला लागले. लंडनला रोनाल्ड फिशर यांच्याकडे जाऊन संख्याशास्त्र शिकले, आणि मग कित्येक वर्षं डेन्मार्कच्या सरकारी सीरम संस्थेत संख्याशास्त्राचं काम पाहिलं. म्हणजे माणूस आधी आरोग्याच्या आकड्यांत मुरलेला.

शिक्षणाकडे ते १९५० नंतर वळले. वाचनात मागे पडलेल्या काही मुलांना शाळेत असताना जादा शिकवणी दिली होती. त्या शिकवणीचा पुढे उपयोग झाला का, हे सरकारला हवं होतं. अडचण अशी की वेगवेगळ्या इयत्तांत मुलांना वेगवेगळे उतारे वाचायला दिले होते. दुसरीत सोपा, चौथीत अवघड. दुसरीत १० चुका आणि चौथीतही १० चुका, तर मूल तिथेच राहिलं की पुढे गेलं? आकडा तोच, अर्थ वेगळा.

आजी जोंधळ्याची कणसं मोजून कुणाला द्यायची नाही. मापट्याने मापून द्यायची. कणीस एक भरलेलं, एक पोचट. शंभर कणसं म्हणजे किती जोंधळा, ते सांगता येत नाही. परीक्षेचे गुण आणि माझ्या तक्त्यातले गुण ही मोजलेली कणसं आहेत. राश यांनी त्यातून मापटं कसं तयार करायचं ते दाखवलं. त्यांचं मुख्य पुस्तक १९६० साली कोपनहेगनला निघालं.

त्यामागचं गणित मला समजतं तेवढं पुढे लिहीनच, पण इथे संख्याशास्त्र शिकवणारे लोक आहेत, त्यांनी सांगितलं तर जास्त बरं.

उत्तरेकडचा_वारा

ताई, आजोबांचं वाचून थांबलो थोडा वेळ. माझे वडील याच आजारातून गेले.

एक खुलासा करतो, नाहीतर गोंधळ होईल. ही सीरम संस्था आपल्या पुण्याची नव्हे. पुण्यातली १९६६ ची, खाजगी. डेन्मार्कची १९०२ पासूनची, सरकारी. मी कोपनहेगनला राहतो, माझ्या सायकलच्या रस्त्यावरच ती लागते. लाल विटांच्या जुन्या इमारती आहेत. बीसीजीच्या लशीचा डॅनिश १३३१ नावाचा वाण तिथलाच, आणि भारतात कित्येक वर्षं बीसीजी त्याच वाणापासून बनत आलं. दंडावर तो व्रण असलेल्या आपल्यातल्या पुष्कळांचं या संस्थेशी असं नातं आहे.

शून्यलब्धी

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. राश यांचा विषय एमएस्सीला एका तासात उरकतात, त्याची मला नेहमी खंत वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा 'अ' उतारा सोपा आहे आणि 'ब' तिप्पट अवघड. राश यांनी मानलं की वाचताना होणाऱ्या चुकांची सरासरी म्हणजे उताऱ्याची काठिण्यपातळी भागिले मुलाची वाचनक्षमता. उतारा अवघड तर चुका वाढणार, मूल तयारीचं तर कमी होणार. इथवर काही विशेष नाही.

आता एक तयारीची मुलगी घ्या, दोन्ही उताऱ्यांत मिळून ८ चुका. त्या कशा विभागल्या जातील? साधारण २ 'अ' मध्ये, ६ 'ब' मध्ये. एक कच्चा मुलगा घ्या, एकूण ४० चुका. साधारण १० आणि ३०. दोघांच्याही चुकांचा चौथा हिस्सा 'अ' मध्ये आणि उरलेला 'ब' मध्ये. एकूण चुका एकदा ठरल्या की त्यांची वाटणी फक्त उताऱ्यांवर अवलंबून राहते, मूल हुशार की कच्चं याचा तिथे काही संबंध उरत नाही. समीकरणात वर आणि खाली दोन्हीकडे मुलाची क्षमता येते आणि छेद जाते.

म्हणजे काय झालं ते पाहा. मुलांबद्दल काहीही ठाऊक नसताना उतारे एकमेकांशी ताडून पाहता आले. आणि उतारे ताडून झाले की मुलं ताडता येतात, जरी त्यांनी वेगळे उतारे वाचले असले तरी. एकाने फक्त 'अ' वाचला, १० चुका. दुसरीने फक्त 'ब' वाचला, १५ चुका. 'ब' तिप्पट अवघड, म्हणजे 'अ' वर तिच्या ५ झाल्या असत्या. ती दुप्पट चांगलं वाचते. डॅनिश सरकारच्या प्रश्नाचं उत्तर या वाटेने मिळालं.

१९५९ मध्ये राश हे नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ रॅग्नार फ्रिश यांना दाखवत होते. फ्रिश यांना पुढे १९६९ साली अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. मुलाची क्षमता समीकरणातून नाहीशी होते हे पाहून फ्रिश चकित झाले. खुद्द राश यांना तोपर्यंत ती एक सोयीची गोष्ट वाटत होती. फ्रिश यांचं आश्चर्य पाहून त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. पुढची वीस वर्षं ते याच एका कल्पनेवर काम करत राहिले: दोन माणसांची तुलना कोणते प्रश्न विचारले यावर अवलंबून असता कामा नये, आणि दोन प्रश्नांची तुलना कोणाला विचारले यावर अवलंबून असता कामा नये. लांबी मोजताना आपण हे गृहीतच धरतो. टेबल मोजायला लोखंडी पट्टी घेतली की लाकडी, याने टेबल लहानमोठं होत नाही.

फळा_खडू

शून्यलब्धी सर, हे वर्गात सांगितल्यासारखं सांगितलंत. मी मेळघाटात जिल्हा परिषद शाळेवर आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी कोरकू बोलतात.

आमच्याकडे वाचनाची पडताळणी 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या पद्धतीने करतात. प्रथम संस्थेने २००५ पासून चालवलेली. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल घरी ओट्यावर बसतं, समोर एक माणूस एकच कागद घेऊन बसतो, मूल वाचतं. मला ही पद्धत आवडते, कारण प्रत्येक मुलाचा आवाज कुणीतरी कान देऊन ऐकतं. पण ती पायरी सांगते, अंतर सांगत नाही. शब्दावरून परिच्छेदावर जायला माझ्या एका मुलाला दीड वर्ष लागलं. परिच्छेदावरून गोष्टीवर तो दोन महिन्यांत गेला. तक्त्यात दोन्ही एकेकच पायरी.

एक प्रश्न आहे. मागे एका चाचणीत 'गलबत' शब्द आला होता. माझ्या वर्गात जी मुलं एरवी खडखडीत वाचतात तीही तिथे अडली. समुद्र कुणी पाहिलेला नाही, शब्द कानावर आलेला नाही. कोकणातल्या मुलाला तो सोपा गेला असेल. मग या शब्दाची काठिण्यपातळी काय धरायची?

कृष्णाकाठ

गुरुजी, हाच अनुभव मला रोज येतो. सांधेदुखीच्या एका पाश्चात्त्य प्रश्नावलीत विचारतात, ताटातलं मांस स्वतः कापता येतं का. आमच्या पेशंटला काय विचारणार? त्यांचं दुखणं मांडी घालून बसताना आणि उकिडवं बसताना कळतं. फिममध्ये संडासला बसणं-उठणं आहे. आमच्याकडच्या कमोडवर पेशंट ६ गुण मिळवून घरी जातो, आणि घरी भारतीय पद्धतीचा संडास असतो. पहिल्याच दिवशी फोन येतो.

राश यांच्या पद्धतीत हे पकडता येतं. सारख्याच क्षमतेच्या दोन गटांना एखादा प्रश्न वेगवेगळा अवघड जात असेल, तर तो प्रश्न दोघांना एकाच पट्टीवर मापत नाही. तुमचं 'गलबत' मेळघाटात वाचन मापत नाही, समुद्र पाहिलाय का ते विचारतं.

आता आजोबांच्या ६ गुणांबद्दल. बरोबर-चूक अशा उत्तरांसाठी राश यांचं दुसरं समीकरण आहे. जमण्याची शक्यता भागिले न जमण्याची शक्यता, आणि त्याचा लॉगरिथम. या एककाला लॉजिट म्हणतात. माणसाची क्षमता आणि कामाची काठिण्यपातळी सारखी असली तर जमण्याची शक्यता ५० टक्के. क्षमता १ लॉजिटने जास्त असली तर ७३ टक्के, २ ने जास्त असली तर ८८, ३ ने ९५.

२० सारख्या प्रश्नांची परीक्षा घ्या. १० चे ११ झाले तर लॉजिटमध्ये वाढ ०.२०. १८ चे १९ झाले तर ०.७५. एकच गुण, पण वरच्या टोकाला जवळजवळ पावणेचार पट अंतर. खालच्या टोकालाही तसंच, १ चे २ होणं फार मोठं असतं. मधे पट्टी दाट, टोकांना विरळ. फिमचा तक्ता असाच वागतो. आजोबा वरच्या टोकाशी होते. त्यांचे ६ आणि काकूंचे १२ यांची सरळ तुलना करणंच चूक होतं. काकूंची प्रगती कमी होती असं मी मुळीच म्हणत नाही. दोघांनाही उपचार हवे होते.

१९९० च्या सुमारास शिकागोच्या अभ्यासकांनी पुष्कळ पेशंटचे फिमचे तक्ते राश यांच्या पद्धतीने तपासले. हालचालीच्या कामांत सगळ्यात सोपं जेवणं, सगळ्यात अवघड जिना. आणि त्याहून मोठी गोष्ट: हालचालीची १३ कामं आणि समजेची ५ कामं एका पट्टीवर बसतच नाहीत, त्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. म्हणजे १८ ते १२६ ही बेरीज, जी मी इतकी वर्षं फॉर्मच्या तळाला लिहीत आले, ती उंची आणि वजन यांची बेरीज करण्यासारखी आहे.

लोलक

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी.

संख्याशास्त्रात सहसा आपण आकड्यांना साजेसं मॉडेल शोधतो. राश यांचे अनुयायी उलट करतात. मॉडेलमध्ये प्रश्न बसला नाही तर प्रश्नच काढून टाकतात. मग जे उरतं ते मॉडेलला बसणारच. ब्रिटनमध्ये हार्वी गोल्डस्टीन यांनी यावर सडकून टीका केली. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे देशभरातल्या मुलांची पातळी वर्षानुवर्षं ताडण्यासाठी राश मॉडेल वापरायचं ठरत होतं. गोल्डस्टीन यांचं म्हणणं होतं की शाळेत काय शिकवतात तेच बदलत जातं, त्यामुळे तोच प्रश्न दहा वर्षांनी सोपा किंवा अवघड होऊ शकतो. ज्या पट्टीवरच्या खुणाच सरकतात, तिने दहा वर्षांचा बदल कसा मापणार?

आणि पिसाचं काय? म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची वेगवेगळ्या देशांत घेतात ती आंतरराष्ट्रीय चाचणी. २००० पासून देशांची क्रमवारी राश मॉडेलवर लागत होती. आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशने एकदा भाग घेतला, अगदी तळाशी आले, आणि केवढी चर्चा झाली. पण स्वेन्ड क्राइनर या डॅनिश संख्याशास्त्रज्ञाने २००६ ची वाचनाची आकडेवारी तपासली आणि ती राश मॉडेलला बसत नाही असं दाखवलं. कोणते प्रश्न धरले यावर देशांचे क्रमांक खूपच वरखाली होत होते. हे क्राइनर खुद्द राश यांच्याकडे शिकलेले. २०१५ पासून पिसाने मॉडेलच बदललं.

शून्यलब्धी

लोलक, गोल्डस्टीन यांचा मुद्दा मला पटतो. वाचन, गणित, विज्ञान यात एका आकड्यात न मावणारं पुष्कळ असतं. प्रश्न आंधळेपणाने काढून टाकणारे लोक मीही पाहिलेत.

पण क्राइनर यांचं उदाहरण तुम्ही ज्या बाजूने मांडलंत त्याच्या उलट बाजूनेही पाहता येतं. क्रमवारी चुकीची असू शकते हे त्यांना कशामुळे कळलं? राश यांची अट कडक आहे म्हणून. तुमची पट्टी कुठल्या प्रश्नांनी बनवली याने उत्तर बदलता कामा नये, ही अट. पिसाचे आकडे त्या अटीत नापास झाले. लवचीक मॉडेल घेतलं की आकडे बसतात, पण ती अट सुटते. मला नापास करणारी पट्टी जास्त विश्वासाची वाटते. 'गलबत' न बसणं हा दोष नाही, ती माहिती आहे. काढून टाकण्याआधी ते का बसलं नाही हे विचारायचं, एवढं पाळलं पाहिजे.

राश यांचं काम जगभर पोहोचलं तेही एकाच माणसामुळे. १९६० मध्ये जिमी सॅव्हेज या संख्याशास्त्रज्ञाने त्यांना शिकागोला व्याख्यानांसाठी बोलावलं. श्रोते हळूहळू गळत गेले. शेवटपर्यंत बसले ते बेंजामिन राइट, मुळात पदार्थविज्ञानाचे, तेव्हा मानसशास्त्रात. मोजमाप म्हणजे काय हे त्यांना प्रयोगशाळेत कळलेलं होतं, आणि मानसशास्त्रात ते सापडत नव्हतं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे शिक्षणातून पुन्हा आरोग्यात नेलं. ताईंनी सांगितलेला फिमचा अभ्यास त्याच गटाचा.

बारावीची_आई

मला गणित फार कळत नाही, पण एक विचारते. माझ्या मुलाची सीईटी यंदा झाली. त्याच्या शिफ्टला फिजिक्स फार अवघड होतं म्हणतात. सकाळच्या शिफ्टचं सोपं होतं. पर्सेंटाइलमुळे सगळं समान होतं असं क्लासवाले सांगतात. हे राश यांचंच आहे का?

शून्यलब्धी

नाही ताई. पर्सेंटाइल फक्त एवढं सांगतं की तुमच्या मुलाच्या शिफ्टमधली किती टक्के मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. दोन शिफ्टची पर्सेंटाइल एकमेकांशी ताडताना असं मानलेलं असतं की दोन्ही शिफ्टमधली मुलं एकंदरीत सारख्याच तयारीची आहेत. शिफ्ट मोठ्या असल्या आणि मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली असली तर ते बऱ्यापैकी खरं असतं. पेपर किती अवघड होता ते यात कुठेही मापलेलं नसतं.

राश यांच्या वाटेने जायचं तर दोन्ही शिफ्टमध्ये काही प्रश्न तेच ठेवावे लागतील, म्हणजे त्या सामायिक प्रश्नांवरून बाकीच्यांची काठिण्यपातळी काढता येईल. पण आपल्याकडे परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरं मुलांना दाखवतात, हरकती मागवतात. मुलांच्या दृष्टीने तो पारदर्शकपणा मोलाचा आहे, तो जावा असं मला वाटत नाही. पण एकदा बाहेर आलेला प्रश्न पुन्हा वापरता येत नाही. पिसाचे काही प्रश्न म्हणूनच वर्षानुवर्षं गुप्त ठेवतात.

मुलाला माझ्या शुभेच्छा सांगा. अवघड शिफ्टला सगळ्यांनाच अवघड गेलेलं असतं, तेवढ्याने पर्सेंटाइल खाली येत नाही.

बारावीची_आई

धन्यवाद सर. हे त्याला वाचून दाखवलं. जरा हलका झाला.

फळा_खडू

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. सरांचा 'अ' आणि 'ब' डोक्यातून जाईना, म्हणून करूनच पाहिलं.

चौथीची २१ मुलं. दोन परिच्छेद, शब्दांची संख्या जवळजवळ सारखीच. एक पोळ्याचा, वरच्या वर्गाच्या जुन्या पुस्तकातला. एक दीपगृहाचा. एकेकाला व्हरांड्यात बोलावून दोन्ही वाचून घेतले, चुका पेन्सिलीने टिंब देऊन मोजल्या. चार दिवस लागले.

मग एकूण चुकांवरून मुलं दोन भागांत केली. कमी चुकांची १० मुलं: पोळा २२, दीपगृह ४५. जास्त चुकांची १० मुलं: पोळा ७४, दीपगृह १५०. दोन्हीकडे दुपटीहून किंचित जास्त. मी तीनदा बेरीज केली. ही दोन टोकाची पोरं, एकीकडे माईकवर प्रतिज्ञा म्हणणारी आणि दुसरीकडे अजून जोडाक्षराला थांबणारी, आणि उतारे दोघांनाही एकाच प्रमाणात अवघड.

एक मुलगी मुद्दाम बाजूला ठेवली. तिच्या पोळ्यात ३ चुका आणि दीपगृहात ३१. एकूण ३४ म्हणजे साधारण ११ आणि २३ यायला हव्या होत्या. आधी वाटलं, माझंच टिंब चुकलं. मग सरांचं वाक्य आठवलं, का बसलं नाही ते विचारायचं.

तिला पुन्हा बोलावलं. पोळ्याचा कागद दिला. ती वाचायला लागली, आणि तिची नजर ओळीवर नव्हती, माझ्या मागच्या भिंतीकडे होती. विचारलं तर म्हणाली, ताई रोज रात्री मोठ्याने वाचते. मी कागद उलटा करून मांडीवर ठेवला. ती थांबली नाही. कागदावर मी एकच परिच्छेद घेतला होता, तिने त्याच्या पुढचाही म्हणून दाखवला.